मे महिन्यात घर बदलताय? जूनचं खोकं वेगळं भरा

मे महिन्यात भाड्याच्या घराचा करार संपतो, त्यातच पोरांना घेऊन गावी जायचं असतं आणि परतल्यावर नव्या घरात खोक्यांची थप्पी वाट बघत असते. म्हणून एक खोकं आधीच बाजूला काढा. रेनकोट, छत्र्या, पावसाळी चपला, दप्तर, युनिफॉर्म सगळं त्यात. मुंबई-कोकणात पाऊस आणि शाळा जूनमध्ये जवळजवळ एकदमच सुरू होतात. तेव्हा रेनकोट 'किचन 4' लिहिलेल्या खोक्याच्या तळाशी असून उपयोग नाही. (आणि भरतानाच मुलांना घालून बघा, गेल्या वर्षीच्या बाह्या हमखास आखूड झालेल्या असतात.) नाव खोक्याच्या झाकणावर नको, चारही बाजूंना लिहा. थप्पी लागली की झाकण दिसत नाही.

कागदपत्रं टेम्पोत टाकूच नका. शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, गॅसचं पुस्तक, सगळं एका फाइलमध्ये घालून गावी सोबत न्या. शहरच बदलत असेल तर निघण्यापूर्वी गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर (नव्या शहरात कनेक्शन घेताना लागणारा कागद) घ्या. फ्रिज आडवा आणला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवा, मगच चालू करा.