चाकं लावलेला कूलर परत भीतीदायक कसा करायचा

मागच्या मे महिन्यात ताईचा मुलगा सुट्टीत आमच्याकडे इंदूरला आला होता, वय वर्षं १०, त्याला मी मोठ्या हौसेनं लॅपटॉपवर डालेक दाखवला, डॉक्टर हू या ब्रिटिश टीव्ही मालिकेतला, १९६३ पासूनचा, धातूच्या कवचात बसून घरंगळत येणारा आणि किरण मारणारा राक्षस, याला बघून तिकडची पोरं म्हणे सोफ्यामागे लपायची. साहेबांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, मामा हा तर चाकं लावलेला कूलर आहे. खलास. साठ वर्षांची दहशत गेली पाण्यात.

टाय-इन लिहिणाऱ्याचा खरा प्रॉब्लेम हाच आहे. टाय-इन म्हंजे गाजलेल्या मालिकेवर किंवा सिनेमावर लिहिलेलं पुस्तक, जग दुसऱ्याचं, हिरो दुसऱ्याचा, राक्षस पण दुसऱ्याचा, गोष्ट तेवढी आपली. वाचकानं तो राक्षस आधी पन्नासदा बघितलेला असतो, त्याचं खेळणं घरात असतं आणि डायलॉग पाठ असतात. आता याला घाबरवा!

पहिल्यांदा सगळेच आकडा वाढवतात (मी पण वाढवला होता, दहा हजार डालेक, एक पान नुसत्या स्फोटांचं). भिया, असं नाही होत. आपल्या इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या आठवा, मिरवणुकीतले ते लाइटवाले हलते देखावे. मिलच्या झांकीत मान फिरवणारा राक्षस असतो ना, चार वर्षांचा असताना बाबांच्या खांद्यावर बसून मी त्याला बघून भोकाड पसरलं होतं, आणि दहाव्या वर्षी खाली वाकून मोटर कुठे लावलीये ते शोधत होतो. असे पाच राक्षस ठेवले तर पाच मोटरी शोधायच्या, दुसरं काय. पण एका वर्षी राजवाड्याच्या अलीकडे एका झांकीचा जनरेटर बंद पडला, सगळे लाइट गेले, आणि तो राक्षस मान अर्धी फिरवून तसाच थांबला, तोंड नेमकं आमच्याकडे. तेव्हा मी चौदाचा होतो, मिसरूड फुटलेलं, तरी आईचा हात धरला.

म्हणून एकच राक्षस घ्या, आणि तो जे नेहमी करतो ते त्याला करू देऊ नका. मूळ मालिकेनंच हे करून दाखवलंय, २००५ ला ती परत सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा आणला तो एकुलता एक डालेक, मोडका, तळघरात साखळ्यांनी बांधलेला. आणि जिन्याचा जुना जोक, की डालेकपासून वाचायचं तर वरच्या मजल्यावर जा, तो त्यांनी १९८८ लाच मोडला होता, डालेक सरळ तरंगत जिना चढला. ज्या जोकवर वाचक हसतो तिथेच त्याला पकडायचं, हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

दुसरं म्हंजे राक्षस जन्मला तेव्हा लोक नक्की कशाला घाबरत होते ते शोधा. माझं आवडतं उदाहरण सायबरमेन, डॉक्टर हू मधलेच, अवयव बदलून यंत्र झालेली माणसं. १९६६ साली किट पेडलर आणि गेरी डेव्हिस यांनी काढलेले, पेडलर स्वतः वैद्यकीय संशोधक, त्यांच्या डोक्यात हे होतं की माणसाचा एकेक अवयव बदलत गेलो तर माणूस कुठे संपतो. ते पहिले सायबरमेन बघा, चेहऱ्यावर बँडेजसारखं कापड, हात चक्क माणसाचे उघडे हात, आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव! नंतर ते चकचकीत रोबोट झाले, १९७५ ला त्यांना सोन्याची अ‍ॅलर्जी दिली, म्हंजे सोन्याच्या भुकटीनं त्यांचा श्वास अडकतो, आणि १९८८ पर्यंत एक मुलगी त्यांना गलोलीनं सोन्याची नाणी मारत होती. आपल्या इंदूरच्या सराफ्यात (दिवसा सोन्याची दुकानं, रात्री खाऊगल्ली) आले तर दिवसा दुकानं उघडायच्या आतच आटपतील बिचारे, रात्रीच्या गराडूपर्यंत, म्हंजे तळलेल्या कंदापर्यंत, पोचणारच नाहीत. तर ते सोनं विसरा. आजीचा गुडघा बदललाय, आजोबांना पेसमेकर आहे, सगळे खूश आहेत, तिथून सुरू करा. सायबरमॅननं ओरडायचं नाही, त्यानं समजावून सांगायचं, की आता दुखणार नाही, आणि ते खरं असायला पाहिजे.

स्टार ट्रेक मधल्या बोर्गचं, म्हंजे एकाच मनानं चालणाऱ्या अर्ध्या माणूस अर्ध्या यंत्र टोळीचं, पण तेच झालं, १९८९ ला आले तेव्हा बोलायचं कोणाशी हेच कळायचं नाही, १९९६ च्या सिनेमात राणी दिली, आणि ज्याच्याशी सौदा करता येतो त्याची निम्मी भीती गेली. (राणी आवडणारे भांडतील, भांडू दे.)

आवाजाचं एक सांगतो. पडद्यावर डालेकचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून, म्हंजे आवाज यंत्रासारखा खरखरीत करणाऱ्या उपकरणातून, काढतात, कागदावर इंग्रजीवाले कॅपिटल अक्षरं तरी वापरू शकतात, आपल्या देवनागरीत ती सोय नाही आणि पाच उद्गारचिन्हं मारली तर तो भाजीवाला वाटतो. मी त्याला आता फक्त प्रश्न विचारायला लावतो. छोटे. घरात किती माणसं आहेत. दार कोण उघडतं.

सगळ्यात मोठी अडचण, हिरो मरणार नाही हे वाचकाला माहीत असतं, ज्यांच्या मालकीची मालिका ते मरूच देणार नाहीत. बरं, राक्षस कोण हे लपवू म्हटलं तर त्याचा फोटो कव्हरवरच छापलेला! मग लपवूच नका. हिरोला चाळीस पानं येऊच देऊ नका, गोष्ट अशा बाईच्या नजरेनं सांगा जिनं डालेक हा शब्दच कधी ऐकला नाही, आणि तिच्या घराची आधी नीट ओळख करून द्या, कुकरच्या शिट्ट्या, मुलाचा डबा, बंद पडलेली ट्यूबलाइट. वाचकाला सगळं माहीत, तिला काहीच नाही.

मी भाच्याचा तोच जोक उचलला. रात्री लाइट जातात, ती पाणी प्यायला उठते, अंधारात कोपऱ्यातल्या कूलरला वळसा घालून स्वयंपाकघरात जाते. परत येताना पुन्हा वळसा घालते. पलंगावर पडल्यावर तिला आठवतं की कूलर काल दुरुस्तीला दिलाय. बस, तिथे चॅप्टर संपवला, डालेकचं नाव नाही, किरण नाही, काही नाही.

साहेबांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत, गुपचूप झोपायला गेले. अकरा वाजता ताई बाहेर आली, म्हणाली काय सांगितलंस रे त्याला, कूलर खोलीतून बाहेर काढ म्हणून बसलाय. त्या रात्री एवढ्या उकाड्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपलो.