काळ्यावर पांढरा बोडोनी: बुजलेल्या रेघा

काळ्या पट्टीवर ९ पॉइंटचा पांढरा, ठळक बोडोनी (उभ्या दांड्या जाड, आडव्या रेघा अगदी बारीक असलेला टंक) छापला आणि स्मॉल ‘ई’ची मधली आडवी रेघच गायब! उभ्या दांड्या मात्र ठणठणीत.

शाई पसरते हे एक. शिवाय काळा चार रंगांच्या शाया एकावर एक छापून केलेला होता. रजिस्टर (शायांचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं) केसभर हललं की बारीक पांढरी रेघ भरून जाते.

पट्टी फक्त १०० टक्के ‘के’ (एकटी काळी शाई) केली. बोडोनी मोडा या फॉन्टचा ऑप्टिकल साइज (अक्षर कोणत्या आकारासाठी रेखाटलंय ते) ९६ वरून ६ वर आणला. त्या रेखाटनात बारीक रेघा मुद्दाम जाड ठेवलेल्या आहेत. ट्रॅकिंग (अक्षरांमधली मोकळीक) +१५. स्ट्रोक (अक्षराभोवती कड) देऊन जाड करू नका, अक्षरांची पोटं (आतल्या पोकळ जागा) बुजतात. ६० पॉइंटचं शीर्षक ९६ वरच ठेवलं, तिथे नखरा शोभतो. लेझर प्रूफवर (लेझर प्रिंटरच्या चाचणी प्रतीवर) हा दोष दिसतच नाही, बरं का.