‘वन प्लस वन’ म्हणजे दोन वर्षं नव्हेत

फुटबॉल क्लबने पगारी कराराचा कागद पुढे केला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. बाबा कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलेले. आपला पोरगा स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोत मिडफिल्डला म्हणजे मधल्या फळीत खेळून पगार घेणार म्हटल्यावर त्या रात्री त्यांनी गावाकडे किती फोन लावले, त्याला हिशोब नाही. सही करताना आम्ही दोघांनीही कागद वाचला होता. वाचला, पण कळला नाही.

अ‍ॅकॅडमी, ट्रायल, स्कॉटलंडच्या लीगमधल्या चार डिव्हिजन, बेचाळीस क्लब हे सगळं, तुम्ही इथे फुटबॉलपटू व्हायला निघालेले असाल तर, तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मला जे भोवलं तेवढंच सांगतो.

करारात एक वर्ष आणि पुढच्या एका वर्षाचा ‘ऑप्शन’ होता. ड्रेसिंग रूममध्ये सगळे त्याला ‘वन प्लस वन’ म्हणतात. आम्ही ती बेरीज करून मोकळे झालो. ती बेरीज नसते. ऑप्शन कुणाच्या हातात आहे, ते बघा. माझ्या कागदावर तो क्लबच्या हातात होता. म्हणजे दुसरं वर्ष द्यायचं की नाही, ते क्लब ठरवणार. दिलं, तर आधीच लिहिलेल्या पगारावर मी बांधलेला, मग बाहेरून कितीही चांगली विचारणा येवो. नाही दिलं, तर मे महिन्यात मी घरी. माझ्या हातात काहीच नव्हतं. काही करारांत ‘इतक्या मॅचेस खेळलात तर वर्ष आपोआप वाढेल’ असं असतं. तिथे विचारा: किती मॅचेस? सुरुवातीपासून खेळलेल्याच धरणार, की शेवटची दहा मिनिटं बदली म्हणून उतरलं तरी चालेल? कपच्या मॅचेस धरणार का? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. पीएफए स्कॉटलंड ही खेळाडूंची संघटना आहे. आधी सदस्य व्हा, कागद त्यांना दाखवा, मग पेन उचला.

या चुकीतून दुसरी चूक झाली. जानेवारीत लीग टूमधल्या, म्हणजे चौथ्या डिव्हिजनमधल्या, एका पार्ट-टाइम क्लबने (खेळाडू दिवसा नोकरी करतात असा) मला लोनवर मागितलं: करार आपल्याच क्लबशी, पण काही महिने खेळायचं त्यांच्याकडून. मी नाही म्हटलं. वाटलं, अजून दीड वर्ष हातात आहे, इथेच राहून फर्स्ट टीमच्या नजरेत भरू. प्रत्यक्षात हातात चार महिने होते. मे महिन्यात ऑफिसात बोलावलं. टेबलावर नावांची यादी होती, माझ्या बाजूने उलटी. तरी माझं नाव लगेच दिसलं, कारण आमचं आडनाव लांब, चौकटीच्या रेघेबाहेर गेलेलं. त्याच्यापुढे बरोबरची खूण नव्हती. बोलणं पाच मिनिटांत संपलं. दुसऱ्या क्लबांना दाखवायला माझ्याकडे प्रौढ खेळाडूंविरुद्धची एकही मॅच नव्हती.

स्कॉटलंडचा मिडफिल्डर जॉन मॅकगिनचा रस्ता नीट बघा. 2013 मध्ये सेंट मिरन क्लबकडून लीग कप जिंकला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. 2015 मध्ये सेंट मिरन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलं आणि तो हिब्सला, म्हणजे एडिनबराच्या हिबर्नियन क्लबला गेला. हिब्सही तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्येच होतं. तिथे तो दर शनिवारी खेळला. 2016 मध्ये हिब्सने 1902 नंतर पहिल्यांदा स्कॉटिश कप जिंकला, 2018 मध्ये तो इंग्लंडच्या अ‍ॅस्टन व्हिलाला गेला आणि पुढे तिथला कॅप्टन झाला. दुसरी डिव्हिजन त्याला कमीपणाची वाटली असती, तर यातलं काय झालं असतं?

मिडफिल्डरला तर मोठ्यांची मॅच लवकर मिळायलाच हवी. अंडर-18 मध्ये बॉल यायच्या आधी मान वळवून मागे बघितलं नाही तरी निभतं. मला सोडल्यावर मी गेलो त्या पार्ट-टाइम क्लबमध्ये माझ्या जोडीला चौतीस वर्षांचा एक इलेक्ट्रिशियन होता. कामावरून थेट यायचा, नखांत प्लास्टरची पांढरी भुकटी. पहिल्या संध्याकाळी मी बॉल घेतला, वळलो आणि थेट टॅकलमध्ये सापडलो. तो ओरडला, “मॅन ऑन!” (मागे माणूस आहे!) आणि नंतर शांतपणे म्हणाला, मी ओरडेपर्यंत थांबलास तर उशीर झालेलाच असतो. बॉल तुझ्याकडे निघायच्या आधी दोनदा मागे बघ. तीन वर्षांच्या अ‍ॅकॅडमीत मला हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून माझं ठाम मत आहे: तासाचे पैसे घेऊन सरावाच्या शिड्या आणि प्लास्टिकचे शंकू मांडणाऱ्या खासगी कोचपेक्षा तिशी ओलांडलेला, गुडघे दुखणारा मिडफिल्डर गाठा. आणि व्हिडिओ कापून क्लबांना पाठवत बसू नका. त्यात तुमचे चांगले पास दिसतात, हरवलेले बॉल दिसत नाहीत, हे समोरच्यालाही कळतं.

आर्ब्रोथ क्लबच्या गेफील्ड मैदानावर एकदा तरी खेळा. समुद्र भिंतीपलीकडेच. वारा सुटला की उंच पास परत तुमच्याच डोक्यावर येतो, मग बॉल जमिनीवर ठेवायला आपोआप शिकता. याच आर्ब्रोथची टीम पार्ट-टाइम असूनही 2021-22 मध्ये चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, दुसरी आली.

काढून टाकलं म्हणून रात्र रात्र जागणाऱ्यांसाठी: अँडी रॉबर्टसनला ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने पंधराव्या वर्षी सोडलं. 2012 मध्ये तो क्वीन्स पार्ककडून चौथ्या डिव्हिजनमध्ये, बिनपगारी खेळत होता. पुढे लिव्हरपूल, स्कॉटलंडची कॅप्टनशिप. तो मिडफिल्डर नाही, डावा बॅक, मान्य. आणि प्रत्येकाचं असं होत नाही, माझं झालं नाही. पण मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि शनिवारी अजून खेळतो.

आई-बाबांनो, हायर्स, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षा, सोडू देऊ नका. मी सोडल्या आणि नंतर दिवसभर काम करून, ट्रेनिंग नसलेल्या संध्याकाळी अभ्यास करत पूर्ण केल्या. फार थकवणारं होतं ते. स्टर्लिंग युनिव्हर्सिटीची टीम चार डिव्हिजनच्या खालच्या लोलँड लीगमध्ये खेळत आली आहे. शिकत शिकत मोठ्यांत खेळण्याची सोय तिथे आहे, तिची चौकशी करा.

आणि लोनची विचारणा आली तर फोन ठेवायच्या आधी हो म्हणा. पार्ट-टाइम क्लबची ट्रेनिंग बहुधा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असते. बूट दोन जोड न्या. बऱ्याच ठिकाणी मैदान कृत्रिम गवताचं असतं, लांब स्टडवर तिथे पाय अडकतो.