मेळाव्याची गर्दी पांगते; गावात टिकणारा शेतकरी गट असा बांधा

कृषी मेळाव्यात सगळ्या खुर्च्यांची तोंडं मंचाकडे असतात. भाषण संपलं की तासाभरात मांडव रिकामा. शेजारी बसलेल्याच्या रानात काय चाललंय, हे तिथं कुणी विचारलेलंच नसतं. गटात तेच विचारायचं असतं.

सुरुवात एकाच शिवारातल्या, एकच पीक घेणाऱ्या 10-12 जणांपासून करा. बचत गटातही 10 ते 20 सदस्य असतात. त्यापुढं गेलं की मागच्या रांगेतली माणसं गप्प होतात. दवंडी न देता घरोघरी जाऊन बोलवा, बायकांनाही. घरचं बी निवडणं-साठवणं बहुधा त्यांच्याच हाती असतं. बैठक पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, धारा काढून झाल्यावर. बाजाराचा दिवस टाळा. जागा अशी निवडा, जिथं गावातला प्रत्येक जण संकोच न करता येईल. शाळेचा ओटा बरा. सतरंजीवर गोल बसा.

पहिल्याच बैठकीत हाताला काम द्या. मराठवाड्यात त्यासाठी सोयाबीनच्या उगवण चाचणीसारखं दुसरं काम नाही. मे महिन्यात प्रत्येकानं घरचं बी आणावं. ओल्या गोणपाटावर 10-10 च्या ओळीत 100 दाणे मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडायची पाळी लावा. सहा-सात दिवसांनी सगळ्यांसमोर उघडून चांगले कोंब मोजा. 70 आले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. 60 आले तर 35 किलो लागतं. त्याहून कमी असेल तर ते बी पेरू नका. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोती आदळली किंवा थप्पी उंच लावली, तरी उगवण घटते.

इथंच गट जुळतो. एकाचं बी 85 टक्के उगवतं, दुसऱ्याचं 40. पहिल्यानं दुसऱ्याला बी द्यायचं, सवाईनं (म्हणजे नंतर सव्वापट परत) की रोखीनं ते गटानं ठरवायचं आणि त्याच दिवशी वहीत लिहायचं. तोंडी व्यवहारावर गट फुटतात. एकमेकांच्या रानात मिळून काम करायची रीत, म्हणजे इर्जिक, सावड, आपल्याकडं होतीच. पेरणी-काढणीला तीच पुन्हा लावता येते.

बोलावणाऱ्यानं कमी बोलावं. तुम्हाला प्रश्न आला की, "हे कुणाच्या रानात झालंय?" असं विचारून तो गटाकडं वळवा. वही दर बैठकीला वेगळ्या हाती द्या. औषध विकायला आलेल्याला बैठकीत बसवू नका. तो बसला, की त्या दिवसापासून माणसं पुन्हा श्रोते होतात. सलग दोन बैठका चुकवणाऱ्याच्या घरी दोघांनी जाऊन यावं. बहुतेकदा आजारपण किंवा उसनवारीची लाज, यातलंच काही निघतं. पेरणीच्या धांदलीत बैठक बांधावर वीस मिनिटांची करा, पण मोडू नका.

सहा महिन्यांनी दोन बैठकांना मुद्दाम जाऊ नका. परत आल्यावर वही पाहा. नोंदी असतील तर पुढचा वार त्यांनाच ठरवू द्या. पानं कोरी असतील तर सगळं तुमच्याच खांद्यावर होतं. किल्ली, वही आणि निरोपाचं काम तिघांत वाटून पुन्हा सुरू करा.