मोंढ्यातल्या एका मशीनसाठी डेटाबेस निवडताना

मी लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांना आणि आसपासच्या कृषी सेवा केंद्रांना हिशेबाचं सॉफ्टवेअर करून देतो. या कामात नवीन आलेली मुलं मला पहिला प्रश्न विचारतात, ‘डेटाबेस कोणता वापरू?’ त्याआधी दुकानात जाऊन बसा आणि तीन गोष्टी बघा. एकाच वेळी किती मशीनवरून नोंद होणार? लाईट गेली तर मशीन इन्व्हर्टरवर चालतं का थेट बंद पडतं? आणि संध्याकाळी रोकड जुळल्यावर बॅकअप कोण घेणार? नोंदी किती होतील हा प्रश्न त्यानंतरचा. सोयाबीनच्या हंगामात कितीही पट्ट्या (शेतकऱ्याला दिलेली मालविक्रीची बिलं) फाटल्या तरी एका दुकानाचा डेटा आजच्या कुठल्याही डेटाबेसला जड जात नाही.

मशीन एकच असेल तर एसक्यूएलाइट घ्या, फार विचार करू नका. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली लिहायला घेतला. तो पब्लिक डोमेनमध्ये आहे, त्यामुळे परवान्याचा प्रश्नच येत नाही. वेगळा सर्व्हर नाही, सर्व्हिस नाही, पासवर्ड नाही. सगळा हिशेब एका फाइलमध्ये राहतो. उदगीरच्या गिऱ्हाइकाचं मशीन फॉरमॅट झालं तर मला तिथं जाऊन काही इन्स्टॉल करत बसावं लागत नाही. प्रोग्राम आणि ती फाइल परत ठेवली की दुकान सुरू.

पण टेबल करताना ‘स्ट्रिक्ट’ लिहायला विसरू नका. एसक्यूएलाइट मुळात कॉलमच्या प्रकाराबाबत फार ढिला आहे. मुनीमजींचा कीबोर्ड मराठीवर असतो, ते भावाच्या रकान्यात ‘४६५०’ असं देवनागरीत टाकतात. तुमच्या प्रोग्रामनं ते आकडे बदलून घेतले नाहीत, तर साध्या टेबलात इंटीजर (पूर्णांकाचा) कॉलम असूनही ते मजकूर म्हणून मुकाट्यानं साठवले जातात. पुढं बेरीज काढताना ती नोंद शून्य धरली जाते. एरर नाही, काही नाही, फक्त बेरीज कमी येते. स्ट्रिक्ट टेबल तिथंच अडवतं. ही सोय ३.३७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे. जुनी लायब्ररी वापरत असाल तर आधी ती बदला. फॉरेन कीची, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीला जोडणाऱ्या दुव्याची, तपासणीसुद्धा सहसा बंदच असते. प्रत्येक कनेक्शन उघडताना ती चालू करावी लागते, नाहीतर शेतकऱ्याचं खातं उडवलं तरी त्याच्या पट्ट्या बेवारस पडून राहतात.

पैसे दशांशात ठेवू नका. एसक्यूएलाइटमध्ये खरा डेसिमल प्रकार नाही. वजन किलोत आणि भाव पैशांत, दोन्ही पूर्णांकात ठेवा. २३ क्विंटल ७५ किलो माल क्विंटलला ४,६५० रुपये भावानं गेला, तर २३७५ गुणिले ४,६५,००० भागिले १००, म्हणजे १,१०,४३,७५० पैसे. पट्टीवर छापताना १,१०,४३७.५० करा. हमाली-तोलाई वजा करून एक पैशाचा फरक राहिला तरी शेतकरी विचारतो, आणि विचारायलाच पाहिजे.

नावांकडं याहून जास्त लक्ष द्या. ‘कऱ्हाळे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ‘ऱ’ येतो, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसच्या लेखी ती दोन माणसं. एकाच शेतकऱ्याची दोन खाती निघतात आणि उचल एका खात्यावर, पट्टी दुसऱ्या खात्यावर जाते. शेतीच्या औषधांच्या दुकानात ‘ॲसिफेट’ या कीटकनाशकाचं हेच होतं. ‘ॲ’ हे एकच अक्षरही असतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही तयार होतं. युनिकोड या अक्षरसंचाचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) या दोन्ही जोड्या एक करत नाही. म्हणून नाव साठवण्याआधी आणि शोधताना तुमच्याच कोडमधून एकच रूप करून घ्या. अकारविल्हे यादीही नुसत्या बायनरी, म्हणजे अक्षरांच्या संगणकी क्रमांकांच्या, क्रमावर सोडू नका. ‘क्षीरसागर’ तिथं ‘ख’च्या आधी येतं, आणि मुनीमजी ते यादीच्या शेवटी शोधत बसतात.

लाईट गेली तरी अर्धवट व्यवहार फाइलमध्ये राहत नाही. पुढच्या वेळी उघडताना एसक्यूएलाइट जर्नल (व्यवहार चालू असताना शेजारी लिहिलेली नोंदफाइल) वाचून तो मागं घेतो. ‘वॉल’ मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) वापरत असाल तर सिंक्रोनस हे सेटिंग (डिस्कवर कधी पक्कं लिहायचं ते) ‘फुल’वरच ठेवा. ‘नॉर्मल’वर फाइल खराब होत नाही, पण शेवटच्या एक-दोन पट्ट्या जाऊ शकतात. डेटाच्या फाइलशेजारी दिसणारी जर्नल किंवा वॉल फाइल कचरा समजून कुणी उडवणार नाही, हे दुकानात बजावून सांगा.

बॅकअप म्हणजे चालू फाइल पेनड्राइव्हवर ओढणं नाही. प्रोग्राम उघडा असताना केलेली तशी कॉपी अर्धवट निघू शकते. माझ्या प्रोग्राममध्ये ‘दिवस बंद’ असं बटण असतं. ते ‘व्हॅक्यूम इन्टू’ या एसक्यूएलाइटच्या आज्ञेनं तारखेच्या नावाची नवी फाइल पेनड्राइव्हवर लिहितं, ती उघडून इंटिग्रिटी (फाइल धड आहे का ते) तपासतं आणि त्या दिवसाच्या पट्ट्यांची बेरीज मूळ फाइलशी ताडून दाखवतं. मुनीमजींना ती बेरीज ओळखीची असते, त्यामुळे त्यांचा भरवसा बसतो.

मायक्रोसॉफ्टचा ॲक्सेस डेटाबेस नव्या कामाला घेऊ नका. २ जीबीची मर्यादा आपल्याला सहसा आड येत नाही, पण ३२ आणि ६४ बिटच्या ड्रायव्हरचा (डेटाबेसशी जोडणाऱ्या प्रोग्रामचा) घोळ प्रत्येक नव्या मशीनवर होतो. त्यांचाच एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस चांगला आहे, मात्र गल्ल्यावरच्या जुन्या मशीनला जड पडतो.

वजनकाट्यावर दुसरं मशीन येणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एसक्यूएलाइटची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोन्हीकडून उघडायचा मोह होतो. तसं करू नका. नेटवर्कवरच्या फाइलचं लॉकिंग (एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणं) भरवशाचं नसतं, आणि वॉल मोड तर एकाच मशीनपुरता आहे. अशा ठिकाणी मी फायरबर्ड हा डेटाबेस बसवतो. त्याचा सर्व्हर लहान आहे, तो फुकट आहे, आणि डेटा तिथंही एका फाइलमध्ये राहतो. सर्व्हर गल्ल्याच्या मशीनवर, काट्याचं मशीन त्याला जोडलेलं. पोस्टग्रेस येत असेल तर तोही चालेल. दर ठरवतानाच मालकांना विचारून घ्या, ‘पुढच्या हंगामात काट्यावर कॉम्प्युटर लावणार का?’ उत्तर ‘बघू’ आलं तरी एसक्यूएलाइटनंच सुरुवात करा. फक्त सगळ्या क्वेऱ्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) एकाच मॉड्यूलमध्ये ठेवा, म्हणजे हंगामाआधी डेटाबेस बदलताना पट्टीच्या स्क्रीनला हात लावावा लागणार नाही.