प्रोटीन सोन्याला चिकटलं की सिलिकेला? ओळखायचं कसं

सच्छिद्र सिलिकेत सोन्याचे नॅनोकण बसवले, त्यावर प्रोटीनचं द्रावण घातलं, सेंट्रिफ्यूज केलं आणि वरच्या द्रावणातलं प्रोटीन कमी झालेलं दिसलं, की लॅबमध्ये नवीन आलेली मुलं लगेच वहीत लिहितात, ‘सोन्याशी बंध झाला’. मी त्यांना तिथेच थांबवते. प्रोटीन कमी झालं, एवढंच कळलंय. ते सोन्यावर बसलं, भिंतीवर बसलं की छिद्राच्या तोंडाशी अडकलं, हे शोधायचं काम पुढेच आहे आणि मला तेच सगळ्यात आवडतं.

मी एसबीए-१५ नावाची सच्छिद्र सिलिका वापरते. सरळ नळ्यांसारखी छिद्रं, व्यास साधारण ७ नॅनोमीटर. सोनं आत टिकावं म्हणून भिंतींवर आधी एपीटीईएस या सिलेन रसायनाने अमाइन (नायट्रोजनवाले) गट लावायचे, मग क्लोरोऑरिक आम्लात भिजवून धुवायचं आणि थंडगार, ताज्या सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करायचं, म्हणजे सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे धातूचे कण करायचे. फिकट पिवळी पावडर डोळ्यांदेखत लालसर-जांभळी होते.

खरी मेख अमाइनमध्ये आहे. साधी सिलिका पीएच ७ ला ऋणभारित असते. अमाइन लावलेली धनभारित होते. बीएसए (गाईच्या रक्तातलं, लॅबमध्ये नेहमी वापरलं जाणारं प्रोटीन) त्या पीएचला ऋणभारित, त्यामुळे सोनं असो नसो, ते अमाइनकडे धावणारच. म्हणून तुलना साध्या सिलिकेशी करू नका. अमाइन लावलेली, बोरोहायड्राइडमधूनही काढलेली, फक्त सोनं न घातलेली पावडर, हा खरा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना. ती सुरुवातीलाच, त्याच बॅचमधून बाजूला काढून ठेवा.

प्रोटीन म्हणून सायटोक्रोम सी घ्या, हे पेशीतलं लोहयुक्त प्रोटीन. जेमतेम ३ नॅनोमीटरचं, छिद्रात सहज शिरतं. शिवाय स्वतःच रंगीत, ४०९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला यावरून थेट मोजता येतं. पीएच ७ ला ते धनभारित असल्यामुळे अमाइनवाली भिंत त्याला दूरच ठेवते. आणि मुख्य म्हणजे त्याचे दोन प्रकार बाटलीत तयार मिळतात: घोड्याच्या हृदयातलं, ज्यात मोकळा थायॉल (गंधक-हायड्रोजन) गट नाही, आणि यीस्टचं, ज्यात १०२ व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाचा मोकळा थायॉल आहे. सोन्याला गंधक प्रिय. दोन्हींच्या वागण्यातला फरक हाच तुमचा पुरावा.

यीस्टचं प्रोटीन याच थायॉलमुळे जोडीजोडीने बांधलं जातं. आधी डीटीटी (स्वतःतही थायॉल असलेलं क्षपण करणारं रसायन) घालून जोड्या सोडवा, मग डीसॉल्टिंग कॉलममधून, म्हणजे लहान रेणू प्रोटीनपासून वेगळे करणाऱ्या नळीतून, डीटीटी पूर्ण काढा. ते राहिलं तर सोन्यावरची जागा तेच अडवेल.

२५ मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७. प्रोटीन १० मायक्रोमोलर, म्हणजे शोषणांक (प्रकाश किती शोषला त्याचा आकडा) १ च्या आसपास येतो. १ मिलिलिटरला २ मिलिग्रॅम पावडर घेऊन रोटेटरवर ठेवा. पावडर न घातलेली एक ट्यूबही सोबत फिरवा, प्लास्टिकला किती चिकटतं ते कळायला. फिरवून झालं की चांगलं सेंट्रिफ्यूज करा. द्रावणात थोडी जरी पावडर तरंगत राहिली तर प्रकाश विखुरतो आणि आकडा फुगतो. शंका आली तर ७०० नॅनोमीटरला बघा, तिथे जवळपास शून्य हवं.

सोन्याच्या कणांनी छिद्रं अरुंद होतात, हेही धरून चाला. नायट्रोजन आयसोथर्म (किती नायट्रोजन वायू शोषला यावरून छिद्रांचं माप सांगणारी चाचणी) सोनं घालण्याआधी आणि नंतर काढा, नाहीतर वाट बंद झाल्याने कमी बसलेलं प्रोटीन पाहून तुम्ही ‘सोन्याशी जमत नाही’ असं समजाल.

आता पेलेट, म्हणजे सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसलेली पावडर, ०.५ मोलर मिठाच्या बफरने धुवा. नुसत्या विद्युतभाराने धरलेलं प्रोटीन बहुतेक सुटून येतं. त्यानंतरही यीस्टचं टिकलं आणि घोड्याचं गेलं, तर त्याच पेलेटवर डीटीटीचं द्रावण घाला. ते थायॉलला सोन्यावरून हुसकावतं. सुटलेल्या प्रोटीनचं शिखर ४०९ ला शोधत बसू नका: डीटीटीने हीममधलं (प्रोटीनला रंग देणाऱ्या गटातलं) लोह क्षपित होतं, शिखर ४१५ च्या आसपास सरकतं आणि ५५० ला एक टोकदार पट्टा उठतो. तो पट्टा यीस्टच्या ट्यूबमध्ये दिसला आणि बिनसोन्याच्या कंट्रोलमध्ये नाही, तर मग वहीत सोन्याचं नाव लिहा.