ईपीबीएमची किटली घासण्याआधी तळ वाचा

चांदीचा मुलामा दिलेली जुनी इंग्रजी किटली हाती आली की लगेच चिंच-मीठ काढू नका. आधी ती पालथी करून तळ वाचा. 'ईपीएनएस' असेल तर मुलाम्याखाली जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्त यांचं मिश्रण) आहे, 'ईपीबीएम' असेल तर ब्रिटानिया धातू: साधारण ९२ टक्के कथील, ६ टक्के अँटिमनी, २ टक्के तांबं. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं, त्यानंतर दोन्ही प्रकार भरपूर निघाले.

शिक्का पुसट असेल तर टिचकी मारा. जर्मन सिल्व्हर खणखणतं, ब्रिटानियाचा आवाज बद्द येतो. झिजलेल्या कडेला पिवळसर छटा दिसली तर जर्मन सिल्व्हर, निळसर राखाडी दिसली तर ब्रिटानिया.

हा फरक कळलाच पाहिजे, कारण ब्रिटानिया २५५ अंशांच्या आसपास वितळतो. रिकामी किटली गॅसवर ठेवली की तळ खाली येतो. कल्हईवाल्याकडे तर ती अजिबात देऊ नका: त्याची भट्टी कथील वितळवते, म्हणजे हे भांडंही वितळवेल. तोटीचा किंवा बिजागरीचा डाग (सोल्डरचा जोड) सुटला असेल तर मऊ डागाचं, म्हणजे कमी आचेच्या सोल्डरचं, काम येणाऱ्याकडेच जा. चांदीच्या डागाची आच याला सोसत नाही.

रोजची धूळ-चिकटाई काढायला कोमट पाणी, दोन थेंब सौम्य लिक्विड सोप आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा पुरतो. टॉवेल नको, सोलापुरी असला तरी. त्याचे फासे चरे पाडतात. लाकडी मूठ किंवा मुठीजवळच्या हस्तिदंती चकत्या असतील तर किटली पाण्यात बुडवू नका, फडक्यानेच पुसा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या आणि लगेच कोरडं करा. बिजागरीच्या फटीत कापसाची काडी फिरवा, ओल तिथेच दडते.

काळेपणा उरला तर प्रेसिपिटेटेड चॉक (खडूची अगदी बारीक पूड) डिस्टिल्ड पाण्यात साईसारखं कालवा. कापसाने हलक्या हाताने, एकाच दिशेने चोळा. नक्षीच्या उंचवट्यांवर जोर लावू नका: मुलामा तिथेच आधी उडतो आणि प्रत्येक घासणीला थोडी चांदी जातेच. खाचांतला काळसरपणा राहू द्या, नक्षी त्यानेच उठून दिसते. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती ईपीबीएमवर करू नये. मुलाम्याला भेग असेल तर सोडा आत शिरून कथील खातो. राखाडी फोड दिसले तर खरवडू नका, खाली धातू गंजलेला असतो आणि खड्डाच पडतो.

शेंगाची चटणी अशा मुलाम्याच्या वाट्यांत वाढायचा मोह होतो, पण लसणातला गंधक चांदी काळी करतो आणि मीठ मुलाम्याला टोचे पाडतं. जोडांच्या जुन्या सोल्डरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून ही किटली चहासाठी न वापरता मांडणीतच ठेवावी.

ठेवताना खळ काढलेल्या सुती कापडात गुंडाळा. लोकर आणि रबर बँड दोन्हींत गंधक असतो, ते जवळ नकोत. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात काळेपणा हळू चढतो, पावसाळ्यात भराभर; जूनच्या आधी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.